अठरावी सावली

झाडं पाडणाऱ्या माणसाला गावात नाव पडायला वेळ लागत नाही. त्याला सगळे करवत्या म्हणत. दुकानात करवत्या, दवाखान्यात करवत्या, आणि रागाचा पारा चढला की घरात बायकोच्या तोंडीही करवत्याच. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. हाताला जे काम लागतं तेच नाव माणसाला चिकटतं, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता त्यानं गावाच्या मोठ्या रस्त्यावरची झाडं पाडली. रस्ता रुंद व्हायचा होता. बांधकाम खात्याची माणसं आली, छातीच्या उंचीवर खोडांना गेरूचं कडं ओढून गेली. कडं असेल ते पाडायचं, नसेल त्याला हात लावायचा नाही, असा आंधळ्यालाही कळावा असा नियम. सतरा झाडांना कडं होतं. अकरा दिवसांत काम आटोपलं, बुंधे उपसले गेले, वर डांबर बसलं. रस्ता असा गुळगुळीत झाला की पहिले आठ दिवस लोक उगाचच जाऊन येऊन करत होते. मग उन्हाळा लागला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की या रस्त्यावर आता ऊन सोडून दुसरं काहीच उरलेलं नाही.

यंदा उन्हाळा त्याहून लवकर आला. आणि त्या उन्हात एक बाई चुन्याच्या चार गोण्या घेऊन गावात उतरली.

ती चित्रकार होती. शाळेच्या रिकाम्या खोलीत राहायची, डोक्याला ओला पंचा गुंडाळून रस्त्यानं दिवसभर फिरायची आणि दिसेल त्याला विचारायची, "इथं झाड होतं ना? त्याची सावली कुठपर्यंत यायची?" पडलेल्या झाडांच्या सावल्या तिला रस्त्यावर चुन्यानं काढायच्या होत्या. होत्या त्याच जागी, होत्या तेवढ्याच.

"सावली काढून गार होतं का हो, बाई?" चहावाल्यानं विचारलं.

"नाही होत," ती म्हणाली. "पण काय गेलंय ते तरी दिसेल."

गावानं दोन दिवसांत तिचं बारसं केलं. चुनेवाली. तिनंही हसून ते मान्य केलं. पण सावल्यांचं काही जमेना. एक म्हणे फांदी दुकानाच्या पायरीपर्यंत यायची, दुसरा म्हणे छे, नालीपर्यंतच. पन्नास वर्षं ज्याच्याखाली उभे राहिले त्याचं माप कोणालाच सांगता येईना. शेवटी चहावालाच म्हणाला, "आम्हाला काय विचारता? ज्यानं पाडली त्याला विचारा. त्याला पान न् पान माहीत असणार."

अशी ती करवत्याच्या दारात आली.

तो ओट्यावर बसून करवतीच्या दातांना कानस मारत होता. आत खाटेवर त्याची वहिनी होती आणि बायको तिला चमच्यानं पाणी पाजत होती. वहिनीला गेल्या उन्हाळ्यात उन्हाचा झटका बसला होता. जीव वाचला, पण जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला आणि पाय लटपटायला लागले. थोरला भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा करवत्या सात वर्षांचा होता, आणि त्याला न्हाऊ घालण्यापासून लग्नापर्यंत सगळं याच बाईनं केलं. ती त्याला अरे-तुरेच करायची. फक्त फार रागावली की "भाऊजी" म्हणायची. लहानपणी तिचं "भाऊजी" ऐकलं की तो कोपऱ्यात जाऊन बसायचा, कारण त्यानंतर ती मारायची नाही, ओरडायचीही नाही, नुसती गप्प बसायची.

"तुम्हाला झाडांची उंची आठवते का?" चुनेवालीनं विचारलं.

"आठवायला कशाला पाहिजे? झाड पाडायच्या आधी त्याचा शेंडा कुठं पडणार ते पावलांनी मोजावं लागतं. नाहीतर घरं जातील लोकांची."

"म्हणजे सगळ्यांची मापं आहेत तुमच्याकडे."

"डोक्यात आहेत."

"किती झाडं होती?"

कानस थांबली. आतून वहिनीच्या घशात पाणी गेल्याचा आवाज आला.

"सतरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याबरोबर रस्त्यावर गेला. सोबत दोरवालाही होता. दोरवाला म्हणजे त्याचा वीस वर्षांचा जोडीदार. करवत्यानं खाच पाडायची आणि दोरवाल्यानं झाड दोरानं हव्या त्या बाजूला ओढायचं, अशी त्यांची वाटणी. वयानं मोठा, तोंडानं फाटका. "जन्मभर झाडं आडवी केली, आता सावल्या आडव्या करू," असं म्हणून तो स्वतःच हसला.

काम सोपं नव्हतं. चुनेवाली वर्तुळं काढायला निघाली होती.

"सावली गोल नसते, बाई," करवत्या म्हणाला. "याचा एक हात नालीकडं गेला होता. तिकडं ओल होती ना. आणि या बाजूला विजेच्या तारा, म्हणून इकडून दर वर्षी छाटायचे. इथं सावली अशी आत घ्या, चावा घेतल्यासारखी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं चुन्याचं डबडं त्याच्याच हातात दिलं.

त्यानं काढलं. दोरवाला मधोमध दोराचं टोक पायाखाली दाबून उभा, आणि करवत्या वाकून, मागे सरकत, चुना सोडत चाललेला. करवतीच्या थरथरीनं त्याची तीन बोटं कायमची बधिर झाली होती. तिथं चुना चढला तरी त्याला कळत नव्हतं. संध्याकाळी बायकोनं हात धुतले तेव्हा कातडी सोललेली दिसली. डांबर एवढं तापायचं की चपला चिकटून मागे राहायच्या. जाणारे येणारे थांबायचे. "काय करवत्या, पाप धुतोयस का चुन्यानं?" असं कोणीतरी म्हणालं आणि पाच-सहाजण खदखदून हसले. तोही हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता.

पण एकेक सावली पुरी होत गेली तसं हसणं कमी झालं. पाचव्या सावलीशी शिंपीणबाई आली आणि म्हणाली, "इथं माझं मशीन असायचं दुपारचं." दवाखान्यासमोर एक म्हातारा काठी टेकत आला, पांढऱ्या आकाराच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि वर बघितलं. वर काही नव्हतं. तो बराच वेळ तसाच बघत होता. करवत्यानं डबडं खाली ठेवलं आणि पाणी प्यायला म्हणून बाजूला गेला.

सतरावी सावली झाल्यावर चुनेवालीनं कागद काढला. खात्याकडून तिनं झाडांची यादी मिळवली होती. तिनं बोटानं मोजलं, मान डोलावली आणि मग थांबली.

"पण मला बाया सांगत होत्या की पाण्याच्या पंपाच्या अलीकडे एक मोठं झाड होतं. तुमच्या वहिनी तिथं भाजी विकायच्या म्हणे. यादीत ते नाही."

दोरवाला दोर गुंडाळायला लागला. एवढ्या नेटानं की जणू त्याच्यावर कोणाचा जीव टांगलाय.

"ते आधीच वाळलेलं होतं," करवत्या म्हणाला. "वाऱ्यानं पडलं."

"मग त्याचीही काढू या की."

"नको. पाडलेल्या झाडांचं चाललंय ना आपलं? ते त्यात येत नाही."

तिनं ऐकलं. शहाण्या माणसाचा शब्द खरा धरावा तसा तिनं त्याचा शब्द धरला. आणि तो घरी गेला तो सरळ मोरीत जाऊन बसला. बायकोनं दार वाजवेपर्यंत त्यानं अंगावर तांब्याभरही पाणी घेतलं नव्हतं.

आता खरं काय झालं ते सांगायला हवं, कारण त्या दिवशी तिथं दोघंच होते आणि दोघांनीही ते वर्षभर तोंडाबाहेर काढलं नव्हतं.

कामाचा तो शेवटचा दिवस होता. सोळा झाडं पडली होती. सतरावं पाडताना दोर किंचित ढिला पडला, झाड वळलं, आणि शेजारच्या झाडाच्या फांद्यांत जाऊन लटकलं. ना उभं, ना आडवं. हे शेजारचं झाड म्हणजे वहिनीच्या भाजीच्या पाट्यांवर सावली धरणारं. त्याला कडं नव्हतं. ते रस्त्याच्या हद्दीबाहेर होतं आणि ते राहणार होतं.

लटकलेलं झाड उतरवायची रीत एकच. बुडख्याला दोर बांधायचा, लांब कुठं तरी कप्पी अडकवायची आणि बुडखा तसू तसू मागे ओढायचा. त्यात अर्धा दिवस जातो. ज्याच्यावर ते टेकलंय त्याला करवत लावायची नाही, हे करवत्याला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं होतं, आणि त्यानं स्वतः चार जणांना शिकवलं होतं. पण दुपार झाली होती, गुडघा ठणकत होता, कप्पी घरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी डांबराची गाडी यायची होती. दोरवाला म्हणाला, "दोन्ही एकदम आणू खाली. कोण बघतंय?"

खरोखरच कोणी बघत नव्हतं. वहिनी घरी जेवायला गेली होती.

पाव तासाचं काम. दोन्ही झाडं एकमेकांच्या गळ्यात पडून आली. धूळ बसल्यावर त्याला दिसलं की आता तिथं आभाळ जरा जास्तच आहे. मग त्यानं ते केलं, जे त्याला पाडण्याहूनही जड गेलं. पुसट झालेली कडी पुन्हा ओढायला खात्यानं गेरूचा एक डबा दिला होता. तो त्यानं उघडला आणि पडलेल्या खोडाला, छातीच्या उंचीवर मोजून, एक कडं ओढलं. थोडा गेरू शर्टावर सांडला. लाकूड नेणाऱ्याला एक खोड जास्त मिळालं, तो कशाला बोलतोय.

वहिनी जेवून आली, पाटी डोक्यावरून उतरवायची विसरली.

"यालाही कडं होतं?"

"होतं."

"मला दिसलं नाही रे कधी."

"मागच्या बाजूला होतं."

ती "असेल" म्हणाली. तिनं त्याच्यावर एवढा सहज विश्वास ठेवला की त्याला तिथंच मेल्यासारखं झालं. तिनं दोन काठ्या रोवून गोणपाट बांधलं, ते वाऱ्यानं दोनदा उडालं. मग ती छत्री धरून बसायला लागली. एका हातात छत्री, एका हातानं भाजी जोखायची. उन्हाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात एका दुपारी छत्री हातातून गळाली आणि ती पाट्यांवरच कोसळली. त्यानंच तिला भाजीच्या हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. लोक म्हणाले, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं दिरानं केलं. ते वाक्य त्याच्या अंगाला अजून खाजत होतं.

पुढच्या दिवसांत गावात एक मजेची गोष्ट झाली. बसची वाट बघणारी माणसं चुन्याच्या आकारांत उभी राहायला लागली. सावली नव्हती, ऊन तेच, पण चारही बाजूंना एवढी जागा मोकळी असताना पाय आपोआप पांढऱ्या रेघेच्या आत यायचे. प्रथम लोक एकमेकांना हसले. मग शिंपीणबाई म्हणाली, "आपण येड्यासारखे इथं उभे राहतोय, त्यापेक्षा इथं झाडंच का लावून मागत नाही?" चुनेवालीनं एक तापमापक डांबरावर ठेवला आणि एक शाळेतल्या उरलेल्या झाडाखाली. दोन्ही आकडे तिनं रोज दुपारी चुन्यानं रस्त्यावर लिहिले. दोन्हींत एवढा फरक निघाला की चहावाल्यानं तापमापक बिघडलाय म्हणून स्वतःचा आणून लावला. त्याचाही तोच निघाला.

रस्त्याच्या कडेला फरशी बसणार होती. ती बसली की माती झाकली जाणार, मग झाड लावायचं म्हटलं तरी लावणार कुठं? चाळीसजण खात्याच्या कचेरीत गेले. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असेही गेले. तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाला, ठीक आहे, यादीत जेवढी झाडं आहेत तेवढ्या जागा मातीच्या ठेवू, खड्डे खात्याचे, रोपं आणि पाणी गावाचं. मंगळवारी येऊन जागा आखून देतो.

गावभर आनंदीआनंद झाला. करवत्याच्या घरी वहिनीला कोणीतरी येऊन सांगितलं. ती खाटेवर उठून बसली. एकेक शब्द ओढून काढत तिनं विचारलं, "माझ्या... जागी... पण?"

"हो हो, सगळीकडं," सांगणारी बाई म्हणाली आणि गेली.

करवत्या दारात होता. तो आत न येता परत फिरला आणि मागच्या अंगणात जाऊन विनाकारण सरपण फोडायला लागला. बायको धुणं घेऊन आली. वाळत घालता घालता, त्याच्याकडे न बघता बोलायला लागली.

"यादीत तिची जागा नाही म्हणे."

"कोण म्हणालं?"

"चुनेवालीच म्हणाली. तू तिला सांगितलंस म्हणे, वाऱ्यानं पडलं."

त्यानं कुऱ्हाड मारली. ती लाकडात रुतली.

"वहिनीला म्हणालास कडं होतं. चुनेवालीला म्हणालास वाळलं होतं." बायकोनं बादलीच्या तळातून एक शर्ट काढला आणि झटकून दोरीवर टाकला. छातीवर तांबूस डाग होता. "वर्षभर धुतेय. जात नाही. तुझं काम कापायचं. रंगवायला कधीपासून लागलास, असं मी त्या दिवशीच विचारणार होते."

"मग का नाही विचारलंस?"

"कारण तू खरं सांगितलं असतंस तर मग मला त्याचं काही करावं लागलं असतं." तिनं शर्टाला चिमटा लावला. "दिवसातून चार वेळा तिला उठवून बसवते मी. दर वेळी हा शर्ट आठवतो. मीही तुझ्याएवढीच चोर आहे."

"परवाना जाईल माझा. करवत ठेवून घेतील. खायचं काय मग?"

"मी कुठं काय म्हणतेय?" ती म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

मंगळवारी अख्खं गाव रस्त्यावर होतं. वहिनीनं सकाळपासून हट्ट धरला होता, तेव्हा करवत्यानं हातगाडीवर गोधडी अंथरली, तिला उचलून बसवलं आणि ढकलत निघाला. तिचं वजन असं काही उरलंच नव्हतं. खडबडीत जागी चाक आपटलं की ती गाडीची कड धरायची, डाव्या हातानं. उजवा मांडीवर पडून असायचा. रस्त्यानं जाताना ती एकेक पांढरी सावली बघत होती आणि ओठांनी मोजत होती. चौदा. पंधरा. सोळा. सतरा.

मग पंप आला. पंपाच्या अलीकडे नुसता रस्ता होता, काळा आणि कोरा.

साहेब हातात यादी घेऊन पुढे, मागे खात्याचा माणूस खुंट्या ठोकत. सतरावी खुंटी ठोकली आणि साहेबानं यादीची घडी घातली. "झालं. इथून पुढे फरशी."

वहिनीनं डावा हात उचलला. बोट कोऱ्या जागेकडे होतं.

"माझं... झाड."

"काय म्हणतात या?" साहेबानं विचारलं.

"इथं झाड होतं साहेब," चहावाला म्हणाला. "हिच्या भाजीवर सावली असायची त्याची."

"यादीत नाही. खात्यानं इथं झाड पाडलेलं नाही. पडलं असेल आपोआप."

"आपोआप कसं पडेल? एवढं धडधाकट झाड!"

"मग ज्यानं काम केलं त्यालाच विचारू," साहेब म्हणाला. "काय हो? इथं झाड होतं?"

सगळ्यांनी करवत्याकडे बघितलं. चुनेवालीनंही. वहिनीनं मात्र नाही. तिला उत्तर माहीत होतं, तिला त्यानं स्वतः सांगितलं होतं ना, कडं मागच्या बाजूला होतं म्हणून. ती आता तो तेच साहेबाला सांगेल म्हणून निवांत वाट बघत होती. त्या निवांतपणानंच त्याचा घात केला. तिनं संशयानं बघितलं असतं तर तो आणखी एक खोटं बोलून गेला असता, बोलायची सवय झाली होती.

"होतं," तो म्हणाला. "वाळलेलं नव्हतं. कडंही नव्हतं. मी पाडलं."

पंपावर बादली भरून वाहत होती, पण नळ कोणी बंद केला नाही.

"दुसरं झाड त्याच्यावर लटकलं होतं. ते उतरवायचा कंटाळा केला मी. आणि नंतर गेरूनं कडं ओढलं, कोणाला कळू नये म्हणून." त्याला थांबता येईना. "बाईंना खोटं सांगितलं. हिलाही खोटंच सांगितलं. पाव तासाचं काम होतं. पाव तासात झालं सगळं."

साहेबानं यादी पुन्हा उघडली, खिशातून पेन काढलं. "हे लेखी द्यावं लागेल. परवाना जमा करावा लागेल तुमचा. दंड होईल."

"देतो. पण आधी जागा लिहा."

"अशी कशी लिहू? झाड केवढं होतं, कुठं होतं, काही पुरावा?"

करवत्यानं चुनेवालीच्या हातातलं डबडं घेतलं. दोराचं टोक शोधायला वळला, तर दोरवाला आधीच येऊन जागेवर उभा होता, टोक पायाखाली दाबून, मान खाली घालून. त्याला बुंध्याची जागा बोटभरही चुकली नाही. वर्षभरात पहिल्यांदा त्याला एकही विनोद सुचला नव्हता.

करवत्या वाकला आणि मागे सरकत चुना सोडायला लागला. पंपाकडे गेलेली मोठी फांदी काढली, जिच्यावर वहिनी तराजू टांगायची. मधे मोकळी जागा सोडली, जिथून दुपारी उन्हाचा एक तुकडा खाली पडायचा आणि वहिनी त्या तुकड्याच्या हिशेबानं पाट्या सरकवायची. शेंड्याचा भाग काढायला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तो आकार बाकी सतराहून मोठा निघाला. बघता बघता लोक मागे हटत गेले, रेघेवर पाय पडू नये म्हणून.

साहेब आकाराभोवती एकदा चालून आला. खात्याच्या माणसाला काही न बोलता हातानं खूण केली. अठरावी खुंटी ठोकली गेली. मग त्यानं करवत्याचं नाव-गाव लिहून घेतलं आणि गाडीत बसून गेला.

लोक पांगले. जाताना कोणी करवत्याशी बोललं नाही, शिव्याही कोणी दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चुनेवालीनं रिकामं डबडं उचललं आणि ती पंपावर जाऊन ते खूप वेळ घासत बसली. बायको रस्त्यापलीकडे उभी होती, ती जवळ आली नाही.

वहिनीनं गाडीच्या कडेवर हात आपटला. खाली उतरव, अशी खूण. त्यानं तिला उचललं. तिनं बोटानं दाखवलं तिथं, तिच्या पाट्यांच्या नेहमीच्या जागी, गोधडी टाकून बसवलं. पांढऱ्या रेघेच्या आत. दुपार कलली होती तरी ऊन चटके देत होतं. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून तो सूर्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि त्याची सावली तिच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडली.

"वहिनी," तो म्हणाला. "काहीतरी बोल."

ती खुंटीकडे बघत राहिली. चुन्यानं त्याचे हात पेटले होते, पण तो हलला नाही. त्याच्या मानेवरून घाम उतरून पाठीत गेला. पंपावरची बादली कोणीतरी उचलून नेली. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन हळूहळू फिरलं आणि तिच्या उजव्या हातावर येऊन बसलं, जो तिला उचलता येत नव्हता.

तिनं आधी त्या हाताकडे बघितलं. मग वर, त्याच्याकडे.

"भाऊजी," ती म्हणाली. जिभेवर शब्द ओढत, पण एकही न चुकवता. "सरका. ऊन... लागतंय."

तो एक पाऊल डावीकडे सरकला आणि तिथं उभा राहिला.